२०१९ ला शॉर्टन करांमुळे हरले म्हणतात, पण ते कर लागू किती जणांना होते?

निवडणूकवेडा

ऑस्ट्रेलियाच्या २०१९ च्या निवडणुकीवर टिपण लिहायला घेतलंय आणि एका जागी गाडं अडलंय.

१८ मे २०१९ ला बिल शॉर्टन यांचा लेबर पक्ष हरला. प्रसिद्ध होणाऱ्या मतचाचण्या तो जिंकणार असंच सांगत होत्या. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या लिबरल-नॅशनल आघाडीला १५१ पैकी ७७ जागा मिळाल्या, लेबरला ६८. त्यानंतर जो तो एकच निदान करतो : करांचे प्रस्ताव नडले. प्रस्ताव मुख्यतः तीन होते. फ्रँकिंग क्रेडिटचा (कंपनीने लाभांशावर आधीच भरलेल्या कराच्या सवलतीचा) रोख परतावा बंद, निगेटिव्ह गिअरिंग (भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा करून कर वाचवणं) फक्त नव्याने बांधलेल्या घरांपुरतं, आणि कॅपिटल गेन्सवरची सूट ५० वरून २५ टक्के.

माझी अडचण अशी. निगेटिव्ह गिअरिंग करणारे करदाते तेव्हा साधारण १३ लाख, आणि मतदारयादीत नावं १ कोटी ६४ लाख. शिवाय आधी घेतलेल्या घरांना नवा नियम लागूच होणार नव्हता. फ्रँकिंगचा परतावा घेणारे तर त्याहून कमी. मग एवढ्याशा लोकांनी सरकार कसं ठरवलं? आणि सिडनी-मेलबर्नच्या सधन भागांत लेबरची मतं उलट वाढलेली दिसतात. ज्यांना फटका बसणार तेच लेबरकडे आणि ज्यांना नाही ते विरोधात, हे कसं?

दोन गोष्टी हव्यात. एक, हे प्रस्ताव एखाद्या घराच्या हिशेबात नेमके कसे उतरणार होते. दोन, मतं करांमुळे फिरली की आणखी कशाने, हे तपासायचं कसं.

जमाखर्च

पहिल्या भागाचं उत्तर मी देतो. फ्रँकिंगपासून सुरू करू, कारण खरा घोळ तिथे झाला.

कंपनीने १०० डॉलर नफा कमावला, ३० टक्के कर भरला, ७० डॉलर लाभांश म्हणून वाटले. एकाच नफ्यावर दोनदा कर नको म्हणून १९८७ पासून भागधारकाला त्या ३० डॉलरांचं क्रेडिट मिळतं. त्याचं उत्पन्न १०० धरायचं, त्याच्या दराने कर काढायचा आणि त्यातून ३० वजा करायचे. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. २००० साली लिबरल पक्षाच्या जॉन हॉवर्ड सरकारने पुढचं पाऊल टाकलं. कर ३० पेक्षा कमी निघाला तर उरलेली रक्कम सरकार रोख परत करणार. शॉर्टन यांना काढायचा होता तो हा शेवटचा तुकडा. मूळ क्रेडिट तसंच राहणार होतं.

आता हिशेब. एका निवृत्त जोडप्याचा स्वतःच सांभाळलेला सुपर फंड (सुपर म्हणजे सुपरअ‍ॅन्युएशन, निवृत्तीसाठीची बचत) आहे आणि तो पेन्शनच्या टप्प्यात आहे, म्हणजे त्यातून निवृत्तीचं उत्पन्न घेणं सुरू झालंय आणि त्याच्या कमाईवर कर शून्य. वर्षाचा पूर्ण फ्रँक केलेला लाभांश ३५,००० डॉलर. त्यावर क्रेडिट ३५,००० × ३०/७०, म्हणजे १५,०००. कर शून्य असल्याने ते सगळे १५,००० हातात येतात आणि एकूण ५०,००० होतात. लेबरच्या प्रस्तावाने राहिले असते ३५,०००. उत्पन्नात एका फटक्यात ३० टक्के घट.

तोच ३५,००० चा लाभांश वरच्या ४५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदार डॉक्टरला मिळाला तर? ५०,००० वर कर २२,५००, त्यातून क्रेडिट १५,००० वजा, भरायचे ७,५००. मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार) बाजूला ठेवा. लेबरच्या प्रस्तावाने त्याला एका सेंटचाही फरक पडत नव्हता, कारण तो क्रेडिट पूर्ण वापरून टाकतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. 'श्रीमंतांवरचा कर' म्हणून मांडलेली गोष्ट नोकरी करणाऱ्या श्रीमंताला लागतच नव्हती. लागत होती ती कागदावर करपात्र उत्पन्न कमी असणाऱ्या निवृत्तांना. त्यातले बरेच जण प्रत्यक्षात चांगले सधन, कारण साठीनंतर सुपरमधून काढलेले पैसे बहुतेकांच्या करपात्र उत्पन्नात धरलेच जात नाहीत. पण हे समजावून सांगायला मला एवढा परिच्छेद लागला. समोरच्यांनी 'रिटायरी टॅक्स' हे दोन शब्द वापरले आणि मोकळे झाले.

आणखी एक खोच. मोठ्या इंडस्ट्री फंडांमध्ये (हजारो नोकरदारांचे सामायिक सुपर फंड) बहुतेक सभासद अजून नोकरीत असतात. त्यांच्या कमाईवर १५ टक्के कर असतो, त्यामुळे फंडाला सगळी क्रेडिटं तिथे वापरता येतात. म्हणजे तेवढीच शिल्लक, तेच शेअर, पण स्वतःच्या फंडात ठेवले तर परतावा बुडणार आणि मोठ्या फंडात ठेवले तर बहुधा वाचणार. हा भेदभाव लोकांना बरोबर दिसला. मार्च २०१८ मध्ये घोषणा झाली तेव्हा सरकारी पेन्शन (कमी साधनं असलेल्या वृद्धांना वगैरे सरकारकडून मिळणारा भत्ता) घेणाऱ्यांचासुद्धा परतावा जाणार होता. ओरड झाल्यावर दोनेक आठवड्यांत त्यांना वगळलं. ज्या खासगी फंडात २८ मार्च २०१८ च्या आधीपासून किमान एक सभासद सरकारी पेन्शनवर होता, तेही सुटले. म्हणजे निवृत्ताने पहिलाच प्रश्न विचारला, "मला लागू आहे का?", तर उत्तर देण्याआधी त्यालाच चार प्रश्न विचारावे लागायचे. ज्या धोरणाचं हो-नाही मतदाराला स्वतः सांगता येत नाही, त्याचं उत्तर त्याच्या वतीने विरोधक देतात.

आता निगेटिव्ह गिअरिंग. भाडं २६,०००. कर्जाचं व्याज ३०,०००. कौन्सिलचे रेट्स, विमा, एजंटची फी, दुरुस्ती मिळून ८,०००. तोटा १२,०००. हा तोटा पगारातून वजा होतो. २०१८-१९ मध्ये ९०,००० ते १,८०,००० च्या टप्प्यात दर ३७ टक्के, वर मेडिकेअर लेव्ही २. म्हणजे कर वाचला ४,६८०. खिशातून खरे गेले ७,३२०. हे माणूस का सोसतो? विकताना फायदा होईल म्हणून. वर्षाहून जास्त काळ ठेवलेलं घर विकून २,००,००० फायदा झाला तर तेव्हाच्या नियमाने निम्म्यावरच, १,००,००० वर कर. लेबरच्या प्रस्तावात तो १,५०,००० वर लागला असता. ही दोन्ही कलमं एकमेकांच्या आधाराने चालतात. तोटा पूर्ण दराने वजा करायचा आणि फायद्यावर निम्म्या दराने कर भरायचा. एकट्या निगेटिव्ह गिअरिंगवर बोलणारे लेख म्हणूनच अपुरे वाटतात.

लेबरची तारीख होती १ जानेवारी २०२०. त्याआधी घेतलेली घरं जुन्याच नियमात. त्यानंतर जुनं घर घेतलं तर तोटा पगारातून नाही, पण गुंतवणुकीच्या इतर उत्पन्नातून वजा करता येणार होता आणि उरलेला पुढे ओढून विक्रीच्या वेळी वापरता येणार होता. आखणी म्हणून ही बरीच मऊ होती. फ्रँकिंगला मात्र अशी जुन्यांना सूट जवळपास नव्हती. ज्यांनी वीस वर्षं नियम पाळून नियोजन केलं आणि आता पुन्हा नोकरी करू शकत नाहीत, त्यांच्याच उत्पन्नाला हात. माझ्या मते तिन्हींत हीच चूक सगळ्यात महाग पडली.

बूथनिहाय

जमाखर्च यांचा हिशेब चोख आहे, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. फ्रँकिंगने निवृत्त चिडले हे खरं, पण निवृत्तांच्या चिडण्याने निवडणूक गेली हे आकड्यांत सहज सापडत नाही.

लेबरने पराभवाची चौकशी क्रेग एमर्सन आणि जे वेदरिल यांच्याकडे सोपवली होती. नोव्हेंबर २०१९ च्या त्यांच्या अहवालात तुमच्या कोड्याचं उत्तर जवळजवळ सरळ दिलंय. शहरांतले, हवामानबदलाची चिंता करणारे सधन मतदार या करांचा फटका बसण्याची शक्यता असूनही लेबरकडे सरकले. आणि कमी उत्पन्नाचे, नोकरीची शाश्वती नसलेले मतदार, ज्यांना हे कर थेट लागू नव्हते, ते मोठ्या प्रमाणात दूर गेले. त्यांना कराची भीती नव्हती. भीती होती ती एवढ्या सगळ्या आश्वासनांनी अर्थव्यवस्थेचं काय होईल याची. अहवालाच्या मते खर्चाच्या घोषणा १०० अब्ज डॉलरांच्या वर गेल्या होत्या. त्या खर्चासाठी कर लागले आणि करांमुळे हल्ल्याला जागा मिळाली. क्रम हा असा आहे.

जागा बघा. लेबरने गमावल्या त्या क्वीन्सलँडमधल्या हर्बर्ट आणि लाँगमन, टास्मानियातल्या बास आणि ब्रॅडन, सिडनीच्या पश्चिम टोकाची लिंडसे. यातली एकही शेअर-लाभांशावर जगणाऱ्यांची वस्ती म्हणून ओळखली जात नाही. क्वीन्सलँडमध्ये ३० पैकी फक्त ६ जागा लेबरच्या हाती राहिल्या. तिथे अदानींच्या कोळसा खाणीचा वाद होता आणि लेबरची भूमिका धड इकडे ना तिकडे अशी होती. त्यामुळे क्वीन्सलँडचा निकाल करांच्या खात्यावर टाकताना हात आखडता घ्या.

प्रिफरन्सची पद्धतही ध्यानात घ्या : मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि मागे पडलेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. लेबरची पहिल्या पसंतीची मतं ३३.३ टक्के, आघाडीची ४१.४. खाणउद्योजक क्लाइव्ह पामर यांनी स्वतःच्या पक्षासाठी आणि लेबरविरोधी जाहिरातींसाठी ६ कोटी डॉलरांहून जास्त ओतले. जागा एकही मिळाली नाही. पण त्यांच्या आणि वन नेशन या उजव्या पक्षाच्या मतांपैकी सुमारे ६५ टक्के मतं प्रिफरन्सने आघाडीकडे वळली. रागावलेला माणूस थेट सरकारला मत देत नाही, तो मध्ये तिसऱ्याकडे जातो आणि तिथून खालच्या पसंतीने सरकारकडे पोचतो. फक्त पहिल्या पसंतीचे आकडे बघितले तर हा प्रवास दिसणार नाही.

आणि सक्तीचं मतदान. १९२४ पासून संघीय निवडणुकीत मत देणं बंधनकारक आहे, चुकवलं तर २० डॉलर दंड. २०१९ ला मतदान जवळपास ९२ टक्के झालं. आपले समर्थक घराबाहेर काढणं हे काम तिथे उरतच नाही. सगळा जोर राजकारणात फारसा रस नसलेल्या, पण यावंच लागतं म्हणून आलेल्या माणसावर. तो धोरणाचा कागद वाचत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते जाहिरातीतलं एक वाक्य किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीतरी.

निवडणूकवेडा

दोघांचेही आभार. पण मग आणखी एक शंका. घरांवरचा हाच प्रस्ताव लेबरने २०१६ लाही मांडला होता ना? तेव्हा तर जागा वाढल्या. आणि हॉवर्ड जीएसटी घेऊन १९९८ ला निवडून आले. मग नियम काय, कर सांगून जिंकता येतं की नाही?

मधली फळी

येतं, पण सत्तेत बसून आणि सोबत काहीतरी देऊन. विरोधात बसून सांगणं फार कठीण.

१९९३ मध्ये जॉन ह्यूसन विरोधी पक्षनेते होते. 'फाइटबॅक' नावाचं जाडजूड धोरण, त्यात १५ टक्के जीएसटी. मंदी होती, पॉल कीटिंग यांचं लेबर सरकार लोकांना नकोसं झालं होतं. ती निवडणूक हरणं अवघड होतं, ह्यूसन यांनी ते जमवलं. मतदानाच्या दहा दिवस आधी दूरदर्शन मुलाखतीत त्यांना विचारलं, वाढदिवसाच्या केकवर जीएसटी लागेल का? तर केक सजवलेला आहे की साधा, मेणबत्त्यांचं काय, अशा फाट्यांत ते अडकले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. पण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही एका वाक्यात सांगता येत नाही असा कर दुकानदाराला काय कळणार, एवढं लोकांना पुरलं.

१९९८ ला हॉवर्ड पंतप्रधान होते. दर १० टक्के, सोबत आयकरात कपात, आणि जुना घाऊक विक्रीकर रद्द. तरीही ३ ऑक्टोबरच्या मतदानात दोन पक्षांच्या हिशेबात (सगळ्या पसंती वाटून शेवटी दोन मोठ्या पक्षांत उरणारी मतं) लेबरला जवळपास ५१ टक्के मतं मिळाली. हॉवर्ड वाचले कारण काठावरच्या जागा त्यांनी राखल्या. म्हणजे 'जीएसटी सांगून जिंकले' हे अर्धसत्य. 'जीएसटी सांगून मतांत हरले, जागांत जिंकले' हे खरं. पुढे सिनेटमध्ये ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाच्या मेग लीस यांच्याशी तडजोड करून ताज्या अन्नाला वगळावं लागलं आणि १ जुलै २००० पासून कर लागू झाला.

आता २०१६ आणि २०१९. घरांचं कलम तेच, पण बाजार वेगळा. २०१६ ला सिडनी-मेलबर्नमध्ये किमती चढत होत्या. घर न परवडणारी मुलं आणि त्यांचे आईबाप दोघांनाही 'गुंतवणूकदारांना लगाम' हे ऐकायला बरं वाटत होतं. २०१७ च्या मध्यानंतर किमती उतरायला लागल्या आणि २०१९ च्या मतदानापर्यंत उतरतच होत्या. आता तेच कलम ऐकून राहत्या घराचा मालक विचारतो, माझ्या घराची किंमत आणखी पडणार का? ऑस्ट्रेलियात सुमारे दोन तृतीयांश कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. गुंतवणुकीचं घर त्यातल्या थोड्यांकडे, पण किमतीची काळजी सगळ्यांना. वर भाडेकरूंना सांगितलं गेलं की भाडी वाढतील. एकाच धोरणाने मालक आणि भाडेकरू दोघांनाही घाबरवता आलं, ही प्रचारकाची कमाल म्हणायची. शिवाय २०१६ ला यादीत फ्रँकिंग नव्हतं.

२०१६ बद्दल एक गोष्ट लोक विसरतात. त्या वेळी निवृत्तांचा राग उलट तेव्हाचे लिबरल पंतप्रधान टर्नबुल यांच्यावर होता. मे २०१६ च्या अर्थसंकल्पात पेन्शनच्या टप्प्यात नेता येणाऱ्या सुपरवर १६ लाख डॉलरांची मर्यादा आणि करोत्तर भरण्यावर ५ लाखांची आजन्म मर्यादा आली. ही आजन्म मर्यादा मोजायची होती १ जुलै २००७ पासून. मागच्या तारखेपासून मोजणी म्हटल्यावर लिबरल पक्षाचे स्वतःचे देणगीदार भडकले. निवडणुकीनंतर ती मागे घेतली. १६ लाखांची मर्यादा मात्र टिकली. जमाखर्च म्हणतात ते इथे लागू पडतं : पैसे किती जातात यापेक्षा खेळ संपल्यावर नियम बदलला का, हे जास्त झोंबतं.

जमाखर्च

मधली फळी, त्यात २०२४-२५ जोडा, नाहीतर 'करात हात घातला की पडलात' असा चुकीचा अर्थ निघेल.

मॉरिसन सरकारने मंजूर केलेली तिसऱ्या टप्प्याची करकपात १ जुलै २०२४ पासून येणार होती : ४५,००० ते २,००,००० पर्यंत सरसकट ३० टक्के. २०२२ ला लेबरने फ्रँकिंग आणि निगेटिव्ह गिअरिंग सोडून दिलं, ही कपात तशीच ठेवू असं वचन दिलं आणि ७७ जागा घेऊन सत्तेत आला. जानेवारी २०२४ मध्ये लेबरचे पंतप्रधान अल्बनीझी यांनी वचन मोडलं. खालचा दर १९ वरून १६ केला, ४५,००० ते १,३५,००० ला ३० टक्के, १,९०,००० पर्यंत ३७, त्यावर ४५.

कोणाला काय मिळालं? ४५,००० कमावणाऱ्याला जुन्या आराखड्यात शून्य, नव्यात ८०४ डॉलर. ७३,००० वाल्याला ७०० ऐवजी १,५०४. २,००,००० वाल्याला ९,०७५ ऐवजी ४,५२९. तराजूचा काटा मधोमध येतो तो १,४६,४८६ वर : खालच्या दरातून आलेले ८०४, भागिले ७ टक्के, म्हणजे ११,४८६, ते १,३५,००० मध्ये मिळवायचे. त्याच्या खालचे सगळे फायद्यात. सरकारी अंदाजाप्रमाणे ८४ टक्के करदात्यांना जुन्यापेक्षा जास्त मिळणार होतं. विरोधकांनी आधी वचनभंग म्हणून आरडाओरड केली आणि मग स्वतःच विधेयकाच्या बाजूने मत दिलं. २ मार्च २०२४ ला डंकली पोटनिवडणूक लेबरने राखली.

२०१९ शी ताडून बघा. तिथे तोटा होणाऱ्याला नेमकी रक्कम माहीत होती आणि फायदा कुणाचा ते धूसर होतं. इथे फायदा होणाऱ्याला पगाराच्या पावतीवर आकडा दिसला. आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचंही हातातलं काही गेलं नव्हतं, येणारं कमी झालं होतं.

३ मे २०२५ ची निवडणूक तर उलटी. मार्चच्या अर्थसंकल्पात लेबरने तो १६ टक्क्यांचा दर जुलै २०२६ पासून १५ आणि जुलै २०२७ पासून १४ करायचं ठरवलं. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २६८ डॉलर, पुढे ५३६. रक्कम किरकोळ. विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्या आघाडीने विरोधात मत दिलं, निवडून आलो तर रद्द करू म्हणाले, आणि बदल्यात वर्षभरासाठी पेट्रोलवरची एक्साइज निम्मी, लिटरला २५.४ सेंट स्वस्त. ५५ लिटरच्या टाकीमागे १४ डॉलर. ज्याची गाडी फारशी चालत नाही त्याला काहीच नाही, आणि वर्षाने ते संपणार. नंतर १,२०० डॉलरपर्यंतची एकरकमी सवलत जोडली, पण तोवर 'करकपातीला विरोध करणारा लिबरल पक्ष' हे चित्र बसलं होतं. लेबरला १५० पैकी ९४ जागा, डटन स्वतःच्या डिक्सन मतदारसंघात पडले. सगळं करांमुळे झालं असं मी म्हणत नाही, अणुऊर्जेचा प्रस्ताव होता, ट्रम्प यांची छाया होती. पण करात कपात नाकारून निवडणुकीला सामोरं जाणं हे त्या पक्षाच्या सगळ्या परंपरेच्या विरुद्ध होतं.

आणि हो, याच काळात ३० लाख डॉलरांवरच्या सुपरवर जादा कराचा प्रस्ताव लेबरच्या डोक्यावर होता. लागू होणारे सुमारे ८०,००० लोक, सुपर असणाऱ्यांच्या अर्धा टक्का. तरी त्याच्यावर इतकी टीका का? दोन कारणं. मर्यादा महागाईशी जोडलेली नव्हती, त्यामुळे आज पंचविशीतल्या मुलालाही "तू निवृत्त होशील तेव्हा तुलाही लागेल" असं सांगता येत होतं. आणि न विकलेल्या मालमत्तेच्या वाढीवरही कर होता. फंडात शेतजमीन असलेल्या शेतकऱ्याने रोख पैसा आणायचा कुठून? निवडणूक जिंकल्यावरही, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अर्थमंत्री जिम चामर्स यांनी ही दोन्ही कलमं बदलायची घोषणा केली.

कलमबहाद्दर

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी जोड. आपल्याकडेही भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा व्हायचा, मर्यादा नव्हती. आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ती वर्षाला २ लाख रुपये झाली, उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो पण फक्त घराच्याच उत्पन्नातून. नव्या कररचनेत तर पगारातून वजा होतच नाही. म्हणजे शॉर्टन जे मागत होते त्याच्याही पुढे आपण गेलो, आणि त्यावर कुठे निवडणूक लढवली गेल्याचं आठवत नाही. अर्थसंकल्पात एका ओळीत आलं आणि सीएकडे गेल्यावर कळलं.

वारसा कराचं मात्र दोन्हीकडे सारखंच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने १९७७ ला मृत्युकर रद्द केला. म्हातारी माणसं मालमत्ता घेऊन तिकडे जायला लागल्यावर इतर राज्यांना तो रद्द करावाच लागला, संघीय कर १९७९ ला गेला. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ ला गेली. तरी २०१९ ला फेसबुकवर 'लेबर मृत्युकर आणणार' फिरत होतं, लेबरच्या धोरणात तसं काहीही नसताना. आणि एप्रिल २०२४ मध्ये सॅम पित्रोदांच्या एका वक्तव्यावरून आपल्याकडे प्रचाराचे कितीतरी दिवस त्यातच गेले. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेला कर दोन्ही देशांत अजून मतं फिरवायच्या कामाला येतो.

मेलबर्न-सिडनीच्या मराठी मंडळींसाठी : परमनंट रेसिडेंट सगळा कर भरतो, निगेटिव्ह गिअरिंग करतो, पण मत नाही. त्यासाठी नागरिकत्वच लागतं. त्यामुळे एखाद्या उपनगरातली जनगणनेची भारतीय लोकसंख्या बघून 'भारतीय मतदारांनी करांवर असं मत दिलं' असले निष्कर्ष काढू नका.

बूथनिहाय

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, आणि मूळ प्रश्नाचा दुसरा भाग अजून राहिलाय. तपासायचं असेल तर मी या क्रमाने जाईन.

आधी निवडणूक आयोगाच्या टॅली रूममधून (निकालांच्या संकेतस्थळावरून) २०१६ आणि २०१९ चे टू-पार्टी-प्रिफर्ड, म्हणजे वर आलेल्या दोन पक्षांच्या हिशेबाचे, आकडे मतदारसंघनिहाय उतरवा. मधल्या काळात व्हिक्टोरियासह काही ठिकाणी सीमा बदलल्या, त्यामुळे २०१६ चा आकडा थेट घेऊ नका. नव्या सीमांवर बसवलेला अंदाज घ्या, नाहीतर डंकली, कोरांगामाइटसारख्या जागांचा स्विंग (मागच्या वेळेपेक्षा मतांत पडलेला फरक) भलताच दिसेल. वॉरिंगासारख्या ठिकाणी, जिथे अपक्ष उमेदवार झाली स्टेगल (Zali Steggall) यांनी माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांना पाडलं, शेवटची लढत दोन मोठ्या पक्षांत नव्हती. तिथे आयोग लिबरल विरुद्ध लेबर असा हिशेब वेगळा देतो, तोच वापरा.

मग करखात्याची पिनकोडनिहाय आकडेवारी. त्यात फ्रँकिंग क्रेडिट आणि भाड्याचा निव्वळ तोटा हे वेगळे रकाने मिळतात. अडचण अशी की ही वैयक्तिक विवरणपत्रांची आकडेवारी आहे. जमाखर्च यांच्या उदाहरणातला परतावा मिळतो फंडाला, तो इथे दिसणारच नाही. ज्या गटावर सगळा वाद झाला त्याचा मोठा भाग तुमच्या तक्त्याबाहेर राहतो. त्यामुळे फ्रँकिंगचा रकाना घेऊन 'संबंध आढळला नाही' असं लिहिलंत तर कुणीतरी लगेच हे दाखवून देईल. वय ६५ वरचे आणि घर कर्जमुक्त असलेले, हे जनगणनेतले दोन रकाने जोडीला घ्या.

पिनकोड आणि मतदारसंघ जुळत नाहीत, एक पिनकोड दोन-तीन जागांत पसरतो. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा लागतो.

बूथवर उतरायचं तर एक मोठी मेख आहे. २०१९ ला ४७ लाखांहून जास्त लोकांनी आधीच, प्री-पोल केंद्रांवर जाऊन मत दिलं. ती मतं राहत्या वस्तीच्या बूथवर मोजली जात नाहीत. प्री-पोलला वयस्कर जास्त जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असेल तर निवृत्तांची मतंच नेमकी वस्तीच्या बूथमधून गायब होतात. फक्त मतदानाच्या दिवसाचे बूथ घेऊन काढलेला स्विंग म्हणूनच विश्वासार्ह नाही. प्री-पोल केंद्रं वेगळ्या गटात ठेवा आणि त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या आकड्यांशी करा.

एवढं केल्यावरही मिळतं ते वस्तीचं वागणं, माणसाचं नाही. ज्या वस्तीत निवृत्त जास्त तिथे लेबर पडला, याचा अर्थ निवृत्तांनीच पाडला असा होत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियन इलेक्शन स्टडीची प्रश्नावली बघा. १९८७ पासून प्रत्येक संघीय निवडणुकीनंतर होते, वैयक्तिक उत्तरांची फाइल अभ्यासकांना मिळते. त्यात घर, शेअर, गुंतवणुकीचं घर यांची मालकी आणि मत दोन्ही एकाच माणसाचे मिळतात. नमुना दोनेक हजारांचा, त्यामुळे स्वतःचा सुपर फंड असलेले, पासष्टीवरचे, क्वीन्सलँडमधले असे तीन चाळण्यांतून गाळत गेलात तर हातात मूठभर माणसं उरतील. दोन चाळण्यांवर थांबा.

आणि क्वीन्सलँड वगळून एकदा सगळं पुन्हा चालवा. कोळशाचा परिणाम बाजूला काढायचा तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. संबंध तरीही टिकला तर करांबद्दल काही म्हणता येईल.

निवडणूकवेडा

फंडाचा परतावा वैयक्तिक आकडेवारीत नसतो हे लक्षातच आलं नव्हतं, माझा अर्धा तक्ता त्याच रकान्यावर उभा होता. करखातं स्वतः सांभाळलेल्या फंडांची आकडेवारी वेगळी देतं का? आणि पिनकोडनिहाय?

जमाखर्च

वेगळी देतं, दर तिमाहीला : फंडांची संख्या, सभासदांचं वय, राज्य, कशात किती गुंतवणूक. भूगोल राज्यापर्यंतच धरून चला, त्यावरून मतदारसंघ काढायला जाऊ नका. राज्यनिहाय तक्ता फक्त पार्श्वभूमी म्हणून द्या.